कॅथलिक विद्यापीठात विद्यार्थी संघटनेची नोंदणी: परत आलेला अर्ज पुन्हा कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका कॅथलिक विद्यापीठात मास्टर्स करणाऱ्या अकरा जणांनी हिंदू विद्यार्थ्यांची संघटना नोंदवायला अर्ज केला. तो ‘सुधारणेसाठी परत’ असा शेरा घेऊन आला. उद्देश स्पष्ट करा आणि सभासदत्वाचं कलम विद्यापीठाच्या धोरणाशी जुळवा, एवढंच त्यावर लिहिलंय. मित्र म्हणतात, ‘कॅथलिक लोक आहेत, देणारच नाहीत. त्यापेक्षा योग आणि संस्कृती क्लब असं नाव टाका, काम होईल.’ तर काय करावं?

नाव बदलू नका. ज्या टेबलावर असे अर्ज येतात त्याच्या पलीकडच्या बाजूला मी १४ वर्षं बसले, आधी जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या एका विद्यापीठात आणि नंतर दुसऱ्या एका कॅथलिक विद्यापीठात. ‘परत आला’ आणि ‘नाकारला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्हाला आलेले दोन शेरे मी बुद्धिबळ क्लबच्या अर्जावरही मारलेले आहेत. उलट योग क्लब म्हणून नोंदणी करून वर्षभर पूजा, आरती आणि गीतापठण चालवलंत, तर दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी विचारणारच की कागदावर एक आणि खोलीत दुसरंच हे कसं? ताकाला जाऊन भांडं लपवायची इथे गरजच नाही.

आधी असे अर्ज तपासणाऱ्या ऑफिसच्या मनात काय चालतं ते सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कॉर्दे एक्लेसिए’ नावाचा दस्तऐवज काढला. अमेरिकेतल्या बिशपांनी त्याचे इथल्यापुरते नियम ठरवले आणि ते २००१ पासून लागू झाले. विद्यार्थी संघटनांचं काम बघणाऱ्याला मूळ दस्तऐवजातलं दुसरं कलम पाठ असतं. त्याचा मथितार्थ असा: कॅथलिक शिकवणुकीचा प्रभाव विद्यापीठाच्या सगळ्या व्यवहारांवर असावा, पण प्रत्येक व्यक्तीच्या विवेकाचं स्वातंत्र्य पूर्ण जपलं जावं, आणि विद्यापीठाची कोणतीही अधिकृत कृती त्याच्या कॅथलिक ओळखीशी सुसंगत असावी.

‘अधिकृत कृती’ हे शब्द लक्षात ठेवा. तुम्ही खोलीत बसून काय मानता, कोणाला नमस्कार करता, याची चौकशी कोणी करत नाही. पण संघटनेला मान्यता देणं ही विद्यापीठाची अधिकृत कृती आहे. म्हणून अर्ज वाचणारा माणूस ‘हे लोक कोण आहेत’ यापेक्षा ‘या कागदावर आम्ही सही केली तर आम्ही काय म्हटल्यासारखं होईल’ हे बघत असतो. गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणारा गट इथे अडतो तो याच कारणाने. हिंदू संघटना सहसा अडत नाही, कारण तिच्याबाबतीत चर्चची भूमिका आधीच लिहिलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा काढला. त्यात हिंदू धर्माचा नावानिशी उल्लेख आहे, आणि या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठात १९९९ मध्ये पूर्णवेळ मुस्लिम चॅप्लेन, म्हणजे विद्यापीठातले धर्मगुरू, नेमले गेले आणि २०१६ मध्ये हिंदू विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र धर्मगुरू आले. तेव्हा ‘देणारच नाहीत’ हे मित्रांचं म्हणणं सोडून द्या.

आता ‘नोंदणी’ आणि ‘मान्यता’ हे शब्द. मराठीत आपण दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतो. इथे त्यावरून कोर्टकचेरी झाली आहे. जॉर्जटाउनमधल्या समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांनी विद्यापीठावर दावा लावला होता. १९८७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मधला रस्ता काढला. शहराच्या मानवी हक्क कायद्यानुसार त्या गटांना खोल्या, टपालपेटी, निधीसाठी अर्ज अशा प्रत्यक्ष सोयी बाकीच्यांसारख्याच द्याव्या लागतील. पण ‘आमची या गटाला मान्यता आहे’ असं म्हणण्याची सक्ती कॅथलिक विद्यापीठावर करता येणार नाही. सोयी वेगळ्या आणि शाबासकी वेगळी, असा तो निकाल. अनेक कॅथलिक विद्यापीठांच्या नियमावलीतही एका सरळ यादीऐवजी दोन-तीन पायऱ्या दिसतात: नुसती नोंदवलेली संघटना, मान्यताप्राप्त संघटना आणि एखाद्या विभागाने आपल्या पंखाखाली घेतलेली प्रायोजित संघटना. तुमच्या नियमावलीत या पायऱ्यांना काय म्हणतात, कोणत्या पायरीवर खोली मिळते आणि कोणत्या पायरीवर पैसे, हे अर्ज पुन्हा भरण्याआधी बघा. धार्मिक गट बऱ्याच ठिकाणी स्टुडंट ॲक्टिव्हिटीज या क्लबांच्या ऑफिसकडे न जाता कँपस मिनिस्ट्री या विद्यापीठाच्या धार्मिक कामाच्या विभागाकडे जातात. कधीकधी अर्ज परत येण्याचं खरं कारण एवढंच असतं की तो चुकीच्या खिडकीवर गेला.

एक चूक नेहमी दिसते. अर्ज परत आला की काही जण अमेरिकी घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हवाला देत चार पानी पत्र पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हीली विरुद्ध जेम्स खटल्यात म्हटलं होतं की निव्वळ विचार पटत नाहीत म्हणून कॉलेजला विद्यार्थी गटाची मान्यता अडवता येत नाही. पण ते सरकारी कॉलेज होतं. तुमचं विद्यापीठ खासगी आहे, आणि हे स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती फक्त सरकारला बांधते. असं पत्र आलं की आमच्याकडे ते थेट वकिलांकडे जायचं आणि साध्या दुरुस्तीचं काम दोन महिने लांबायचं.

खासगी विद्यापीठात तुमच्या हातात जी काठी असते ती त्यांच्याच छापील नियमांची, आणि तिलाही मर्यादा आहे. न्यूयॉर्कच्या फोर्डम या जेझुइट विद्यापीठात २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेने पॅलेस्टाइनसमर्थक गटाला मंजुरी दिली आणि डीननी ती फिरवली. प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी विद्यापीठाचा निर्णय रद्द केला. गटामुळे कँपसवर दुफळी माजेल हे डीननी दिलेलं कारण विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांत कुठेच नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. पण २०२० मध्ये अपिलात विद्यापीठ जिंकलं. चार वर्षं गेली, आणि अर्ज करणारी मुलं तोवर पदव्या घेऊन बाहेर पडली होती. म्हणून वाद घालायचा तर नियमावलीतलं कलम दाखवून घाला, आणि शक्यतो चहा पिता पिता घाला.

आता तुमच्या संघटनेच्या घटनेकडे, म्हणजे नियमांच्या मसुद्याकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात उद्देश असा आहे: ‘हिंदू धर्माचा प्रचार व प्रसार करणे आणि हिंदू विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी लढा देणे.’ हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाची, वाचनालयाची, अगदी संगीत सभेचीही घटना उघडा, पहिल्या कलमात ‘प्रचार व प्रसार’ असतोच. मराठीत तो नुसता मंगलाचरणाचा शब्द आहे, त्यातून कोणी काही पसरवत नाही. पण त्याचं शब्दशः इंग्रजी केलं की कॅथलिक वाचकाला एकच अर्थ दिसतो: हे लोक धर्मांतर करायला निघालेत. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या मागे लागून त्याला आपल्यात ओढू नये, असा नियम कँपस मिनिस्ट्रीकडे जवळजवळ हमखास असतो आणि तो सगळ्या पंथांना लागू असतो. ‘लढा’ शब्दाचं तसंच. कोणाशी लढा? विद्यापीठाशी? ऑफिसमधला माणूस तिथे पेन्सिलीने गोल करतो आणि अर्ज परत पाठवतो.

त्याऐवजी तुम्ही खरोखर काय करणार आहात ते लिहा. माझा मसुदा असा असता: ‘विद्यापीठातल्या हिंदू विद्यार्थ्यांना एकत्र पूजा, सण आणि स्वाध्याय करता यावा, आणि हिंदू परंपरा समजून घेऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्यात सहभागी होता यावं, हा संघटनेचा उद्देश आहे. संघटना दर आठवड्याला एक स्वाध्याय बैठक आणि दर सत्रात दोन सण आयोजित करील, आणि वर्षातून किमान एक कार्यक्रम कँपस मिनिस्ट्रीच्या सहकार्याने आंतरधर्मीय संवादासाठी घेईल.’ यात एकही भारदस्त विशेषण नाही, मोजता येतील अशा गोष्टी आहेत. शेवटचं आंतरधर्मीय कार्यक्रमाचं वचन त्यांना खूश करायला म्हणून टाकू नका. करणार असाल तरच टाका, कारण वर्षअखेरीच्या अहवालात ते विचारलं जातं.

सभासदत्वाचं कलम जास्त नाजूक आहे. ‘सभासदत्व फक्त हिंदू विद्यार्थ्यांना’ असं तुम्ही लिहिलंत. हेतू वाईट नाही, पण विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणात धर्म हा शब्द बहुतेक असतोच, आणि क्लबच्या पैशात सगळ्या विद्यार्थ्यांनी भरलेली फी असते. गंमत म्हणजे हा नियम कॅथलिकांनाही सोडत नाही. २०१३ मध्ये गोन्झागा या जेझुइट विद्यापीठात नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक संघटनेच्या शाखेलाच क्लब म्हणून मान्यता नाकारली गेली, कारण तिचं सभासदत्व फक्त कॅथलिक पुरुषांना खुलं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे तिथल्याच अध्यक्षांनी त्या शाखेला मान्यता दिली. पण पहिला दणका सभासदत्वाच्या कलमानेच बसला होता.

सभासदत्व सगळ्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांना खुलं ठेवा. प्रत्यक्षात काय होतं? हिंदू नसलेले चार-पाच जण येतात, त्यातले दोघं प्रसादापुरते, आणि एखादी मुलगी अशी निघते की पुढच्या वर्षी तीच तुमची सर्वांत कामसू चिटणीस होते. राहिला प्रश्न पदाधिकाऱ्यांचा. पूजेची जबाबदारी असलेल्या पदावर परंपरा जाणणारी व्यक्ती असावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि पुष्कळ विद्यापीठं धार्मिक गटांना तेवढी सूट देतात. सगळीच देत नाहीत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी लॉ कॉलेजचा ‘पदांसह सगळं सगळ्यांना खुलं’ हा नियम वैध ठरवला, आणि त्यानंतर काही खासगी विद्यापीठांनीही तो उचलला. तुमच्याकडे तसा नियम असेल तर श्रद्धेची अट घालूच नका, कामाची अट घाला: ‘पूजा-समन्वयकाने मागील सत्रातल्या किमान सहा बैठकींना हजर राहिलेलं असावं आणि पूजाविधी चालवता यावा.’ काम तेच होतं आणि कोणाला आक्षेप घ्यायला जागा उरत नाही.

अर्जात बाहेरच्या संलग्नतेची चौकट तुम्ही रिकामी ठेवली आहे. एखाद्या राष्ट्रीय हिंदू विद्यार्थी संस्थेची शाखा व्हायचं मनात असेल, तर आत्ताच सांगा. ती चौकट भरली की ऑफिसातला माणूस त्या संस्थेची वेबसाइट उघडतो आणि तिने गेल्या दोन-चार वर्षांत कशाकशावर पत्रकं काढली ते वाचतो. तिचं ओझं तुमच्या खांद्यावर येतं. २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या, नामांकित संस्थेच्या शाखेला आधी नकार मिळाला. राष्ट्रीय संस्थेची गर्भपाताबाबतची भूमिका हे त्याचं एक कारण होतं. नंतर बोलणी झाली आणि शाखेला मान्यता मिळाली. माझा सल्ला: पहिल्या वर्षी स्थानिक संघटना म्हणून उभे राहा, आणि ‘संलग्नतेचा विचार पुढील वर्षी होईल, त्याआधी ऑफिसची परवानगी घेतली जाईल’ अशी एक ओळ टाका.

नावाबद्दल एक छोटी गोष्ट. विद्यापीठाचं नाव, बोधचिन्ह, खेळाडूंच्या संघाचं टोपणनाव, हे सगळं फक्त मान्यता मिळालेल्यांनाच वापरता येतं. जॉर्जटाउनमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणारा एक गट आहे, त्याला मान्यता नाही. तो ‘हॉयाज’ हे तिथलं टोपणनाव नावात घेतो, पण मधलं ‘ओ’ हे अक्षर काढून तिथे चांदणी छापतो. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत तुम्हीही इन्स्टाग्रामवर विद्यापीठाच्या नावाने खातं उघडू नका. दोनदा असं झालेलं पाहिलंय की अर्ज छान होता, पण कोणीतरी आधीच बोधचिन्ह लावून पोस्टर फिरवलं आणि ऑफिस बिथरलं.

सल्लागार प्राध्यापक शोधताना बहुतेक मुलं आडनावं बघून भारतीय प्राध्यापकाकडे जातात. त्या माणसाकडे आधीच चार क्लब असतात. सल्लागार हिंदू असण्याची गरज नाही. धर्मशास्त्र विभागात आशियाई धर्म शिकवणारं कोणी असेल तर उत्तम, नाहीतर पूर्णवेळ नोकरीवरचा कुठलाही कर्मचारी चालतो, मग तो ग्रंथालयातला का असेना. सही करणारा नको, मेल उघडणारा हवा.

आणि अर्ज पुन्हा टाकण्याआधी कँपस मिनिस्ट्रीच्या संचालकांना भेटा. दोघंच जा, अकरा जण नको. अशाच एका भेटीत मी बसले होते. मुलगा रात्रभर तयारी करून आला होता: मूर्तिपूजा म्हणजे काय, एकेश्वरवादाशी तिचा संबंध काय, सगळं तोंडपाठ. संचालक असलेल्या फादरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पूजा शुक्रवारी. मग बाकीचे सहा दिवस मूर्ती कुठे असेल?’ मुलगा गप्प. मूर्ती सर्वांसाठीच्या प्रार्थनाकक्षात राहिली तर मुस्लिम विद्यार्थ्यांच्या नमाजाची अडचण, आणि कुठल्याशा कपाटात झाडूशेजारी ठेवली तर तुमचाच अपमान, हे त्यांनी आधीच पाहिलेलं होतं. शेवटी कुलूप लागणारं, आत स्वच्छ कापड घातलेलं एक वेगळं कपाट ठरलं, आणि अर्ज त्याच आठवड्यात पुढे सरकला.

तसाच प्रश्न दिव्याचा. वसतिगृहात आणि वर्गात उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी बंद असते. ‘तुमच्या चॅपलमध्ये मेणबत्त्या चालतात, मग आमची समई का नाही?’ हा युक्तिवाद मी दर दिवाळीला ऐकला. उत्तर साधं आहे: चॅपलला अग्निसुरक्षा विभागाची वेगळी परवानगी असते, तशी तुम्हालाही मागता येते. जागा, दिव्यांची संख्या, खाली धातूचं ताट, शेजारी अग्निशामक आणि आरती संपेपर्यंत हलणार नाही असा एक माणूस, एवढं लेखी दिलं की एका समईला परवानगी मिळालेली मी पाहिली आहे. होमाला मात्र आत कधीच नाही. बाकी आरास बॅटरीच्या पणत्यांची.

पैशांचं लवकर उरकते. संघटनेचा पैसा विद्यापीठातल्या खात्यातच ठेवा. एका गटाची दिवाळीची सगळी वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपवर जमा झाली, तो डिसेंबरात पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात गेला, आणि हिशेब जुळवायला आम्हाला मार्च उजाडला. त्याने एक पैसा खाल्ला नव्हता, पण सिद्ध करायला पावत्याच नव्हत्या. विद्यापीठाचा करमाफीचा क्रमांकही परस्पर कुठे देऊ नका. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहात, म्हणून क्लबच्या कामाचं किंवा नाच-गाण्याचं मानधन कोणी देऊ केलं, तर घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

‘एवढी कटकट कशाला, नोंदणीशिवायच जमू या’ असं तुमच्यातला एखादा म्हणेलच. जमता येईल, पण जबाबदारी सुटणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कँपसवरच्या रॅगिंगविरोधात नवा केंद्रीय कायदा झाला. त्यात विद्यार्थी संघटनेची व्याख्या करताना विद्यापीठाने तिला मान्यता दिली आहे की नाही याने फरक पडत नाही असं म्हटलंय. म्हणजे नियम लागू, खोली मात्र नाही.

आता दुरुस्त अर्ज. नवी घटना अपलोड करून गप्प बसू नका, सोबत अर्ध्या पानाचं टिपण जोडा: पहिला शेरा, जुनं वाक्य, नवं वाक्य, दुसरा शेरा, जुनं कलम, नवं कलम. वाचणाऱ्याच्या यादीत त्या दिवशी तीसेक अर्ज असतात, आणि ज्याच्यात शोधाशोध करावी लागत नाही तो आधी निघतो. सत्राची शेवटची तारीख चुकवू नका, नाहीतर मंजुरी पुढच्या सत्रावर जाते आणि दिवाळी हातची जाते. त्याच टिपणाच्या तळाशी दिव्याच्या परवानगीसाठी कोणाला भेटलात ते लिहा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहील तेही.